हातभर अंतरावरचा ताप

मित्रांनो, मी रक्तदाब मोजणारं एक जुनं यंत्र. पत्र्याची पेटी, काचेच्या नळीत पारा, दंडाला गुंडाळायची कापडी पट्टी आणि हवा भरायचा रबरी फुगा, एवढाच माझा संसार. एका छोट्या दवाखान्यातल्या तपासणीच्या टेबलावर मी बावीस वर्षं काढली. आधीचे म्हातारे डॉक्टर मला विचारल्याशिवाय औषध लिहीत नसत. नवे साहेब आले आणि मी धूळ खात पडलो. त्याचं मला दुःख नाही. राग आहे तो वेगळाच.

एका सकाळी रुग्णवाहिकेचे ड्रायव्हरदादा तापाने फणफणत आले. डोळे लालबुंद, कॉलरखाली मोहरीएवढे लाल ठिपके. मी हातभर अंतरावर होतो, मला दिसले! साहेबांनी मान वर केली नाही.

“साहेब, हिरड्यांतून रक्त येतंय,” दादा म्हणाले.

“दात जोरात घासत असाल. व्हायरल आहे. गोळ्या घ्या, घरी झोपा.”

तीन दिवसांनी त्यांना उचलून आणलं. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांच्या रक्ताने भिजलेल्या चादरी लाँड्रीतल्या मावशींनी उघड्या हातांनी धुतल्या. हा ताप रक्तातून पसरू शकतो, हे त्यांना सांगायची तसदीच कोणी घेतली नव्हती.

आठ दिवसांनी मावशींना ताप भरला. साहेबांनी पुन्हा न बघताच गोळ्या लिहिल्या, तशा मोठ्या सिस्टर आडव्या आल्या. हातमोजे, मास्क, अंगभर गाऊन चढवून त्यांनी मला उघडलं. वरचा आकडा नव्वद, खालचा सत्तर. मग कातडीखाली रक्त फुटतंय का ते बघायला त्यांनी पारा मधोमध ऐंशीवर धरला तो पाच मिनिटं.

“आवळतंय ना मावशी? जरा सोसा.”

“जन्मभर चादरी पिळल्या गं, आता तू मला पीळ,” मावशी क्षीण हसल्या. दातांवर रक्त होतं.

पट्टी सोडली, तर दंडाखाली ठिपकेच ठिपके. सिस्टरांनी त्यांवर काचेची पट्टी दाबून पाहिली, एकही ठिपका मावळेना, म्हणजे रक्त कातडीखाली फुटलेलं. तोंडात टाळूवरही तेच.

“साहेब, उठा आणि बघा.”

“रिपोर्ट येऊ दे.”

“रिपोर्टची वाट बघायला ड्रायव्हरदादा उरले का?”

साहेब उठले. त्याच तासाला मावशींना वेगळ्या खोलीत हलवलं, मोठ्या रुग्णालयात फोन गेला, उपचार सुरू झाले. माझी पट्टी जाळली. सोळाव्या दिवशी मावशी आपल्या पायांनी घरी गेल्या.

चौकशीच्या कागदावर मात्र लिहिलं गेलं, ‘रोग अचानक उद्भवला.’ अचानक? अहो, तो कॉलरखाली उघडा दिसत होता!

पुढे दादांची बायको कागदपत्रं न्यायला आली. तिने एवढंच विचारलं, “ह्यांना नीट तपासलं होतं ना?”

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. सिस्टर म्हणाल्या, “नाही, वहिनी. तपासलं नव्हतं.”

मित्रांनो, मला पुसा, झाकून ठेवा, असं मी म्हणत नाही. पण तुमच्या माणसाला न बघताच कोणी घरी पाठवू लागलं, तर खुर्चीवरून हलू नका. म्हणा, “आधी बघा.”