खडूच्या गोलातला भिंगरी

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवलाच तर अशा माणसाला व्यवहारातलं काही विचारू नये.

जाझ वाजवणारे ढिगाने मिळतील, पण चालता चालता सॅक्सोफोन वाजवणारा एकच. सगळे त्याला भिंगरी म्हणत. तीन मिनिटं एका जागी उभा राहिला की पोटऱ्यांना मुंग्या येत आणि सॅक्सोफोनातून सुराऐवजी नुसता वारा. त्यामुळे हॉटेलात तो टेबलांमधून फिरे, वाजवत वाजवत स्वयंपाकघरात शिरे आणि मागच्या दाराने परत येई. एका पाहुण्याने हे सगळं एकाच माइकवर टिपलं. रेकॉर्डवर सूर कानाशी येई, लांब जाई, पुसट होई. परदेशातल्या जाणकारांनी लिहिलं, या कलावंताने अंतर वाजवून दाखवलंय.

"अहो, तुम्ही अंतर वाजवता म्हणे," बायको म्हणाली.

"मी पाणी प्यायला गेलो होतो."

अकरा देशांत रेकॉर्ड खपली आणि सगळ्यात मोठ्या सभागृहाचं बोलावणं आलं. कार्यक्रम रेडिओवरून थेट चाळीस देशांत जाणार होता. रेडिओच्या बाईंनी माइकखाली खडूने गोल काढला.

"याच्या बाहेर पाऊल पडलं की आवाज गेला. आवाज गेला की करारही गेला."

झालं, भिंगरीची झोप उडाली. इतक्या वर्षांनी जग ऐकायला बसलं होतं आणि अट काय, तर उभं राहा. बायकोने आठवडाभर त्याला स्टुलावर उभं करून सराव घेतला. चौथ्या दिवशी स्टूलच दारापर्यंत गेलं.

"खांबासारखं उभं राहायचं, बस."

"खांबाला काय जातंय? त्याला वाजवायचं नसतं."

शेवटी तिने रंगमंचाच्या सुताराला गाठलं आणि नवऱ्याचे बूट गोलाच्या मधोमध खिळ्यांनी ठोकून घेतले.

पडदा वर गेला. मागे ड्रम, बास आणि पियानोवाले साथीदार बसले होते. पहिली चीज कशीबशी निभली. दुसरीत मुंग्या गुडघ्यांपर्यंत चढल्या, सूर फाटायला लागला, पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. पडद्याआड बायको हातवारे करत होती, थांबा, थांबा. भिंगरीने तिच्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि तो बुटांतून पाय काढून मोज्यांवर चालू लागला.

तिसऱ्या पावलाला सॅक्सोफोन असा काही बोलला की बाईंनी करार विसरून माइक उपटला आणि त्या वायर सोडत त्याच्यामागे धावल्या. तो पायऱ्या उतरून रस्त्यावर आला. मागे सगळं सभागृह, खुर्च्या पुसणाऱ्यांसकट. वायर संपली तर बाईंनी वाटेतल्या घरांच्या इस्त्र्यांच्या वायरी जोडल्या. चाळीस देशांनी त्याचे मोजे रस्त्यावर घासताना ऐकले, आणि दुसऱ्या दिवशी चाळीसही देशांत त्याचं नाव. भिंगरी टेकडी चढला, पूल ओलांडला, आणि सात मैलांत साथीदारांचा एक ठोका चुकला नाही. ड्रमवाला गळ्यात ड्रम अडकवून, बासवाला माणसाएवढा बास खांद्यावर घेऊन, आणि पियानोवाला तर पुलाच्या चढावरसुद्धा दोन्ही हातांनी...

"काका, एक मिनिट," गोष्ट ऐकत बसलेल्यांतला सामान हलवणारा हमाल सांगणाऱ्याला म्हणाला. "एक पियानो दोन जिने उतरवायला आम्ही सहा जण लागतो, आणि तरी कंबर धरते. हा चढावर कोणी उचलला होता? साफ खोटं आहे हे."