वकिलाची दानत

टाकेने टीची छोटी खुंटी मातीत खोचली, तिच्यावर गोल्फचा बॉल ठेवला, हात मागे घेतला आणि बॉल घरंगळून ओल्या गवतात पडला. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा तो वाकायच्या आत वकील पुढे झाला, बॉल उचलून दोन बोटांनी टीवर बसवला आणि म्हणाला,

"मार आता. इथे उभ्या उभ्या मला न्यूमोनिया झाला, तर सोमवारी तुला कापायला कोणी उरणार नाही."

टाके हसला. "या पावसात बोटं कामातून गेली बघ."

"पाऊस आहेच तसला," वकील म्हणाला.

मागे छत्री धरून उभ्या असलेल्या अंगाईने छत्रीबाहेर हात काढून पाहिला. पाऊस होता, पण बोटं कामातून जावीत असला नव्हता. सकाळपासून नुसती रडकी भुरभुर चालली होती. मैदानावर चिटपाखरू नव्हतं. शहाणी माणसं घरी बसली होती, आणि हे तिघे साठी उलटलेले म्हातारे पावसाळी बूट घालून चिखल तुडवत होते. हट्ट वकिलाचा. सोमवारनंतर हातात क्लब कधी धरायला मिळेल, मिळेल की नाही, कोणी सांगावं, असं त्याने फोनवर म्हटलं, आणि मग नाही म्हणायची सोयच राहिली नाही.

टाके हे काही आडनाव नव्हे. कॉलेजच्या वसतिगृहात तो सगळ्यांच्या फाटक्या पँटी इतक्या सुबक शिवून द्यायचा की ते नाव त्याला चिकटलं, आणि पुढे तो सर्जन झाल्यावर तर ते निघायचा प्रश्नच नव्हता. अंगाई त्याचा वर्गमित्र, भूल देणारा डॉक्टर. लोकांना झोपवण्यात त्याचा जन्म गेला. वकील टाकेचा शाळेपासूनचा दोस्त. तो लहानपणापासूनच असा भांडकुदळ की त्याला वेगळं टोपणनाव ठेवायची कोणाला गरजच वाटली नाही. खेळ टाके आणि वकील यांच्यात चालायचा. अंगाई आपला कसाबसा बॉल ढकलत बरोबर फिरायचा आणि त्यांच्या भांडणात पंच व्हायचा.

आज मात्र त्याच्याकडे एक काम होतं, आणि ते काम गुरुवारपासून त्याच्या घशात अडकलं होतं.

गुरुवारी टाकेच्या हाताखालची तरुण सर्जन अंगाईच्या खोलीत आली होती. तिने दार लावून घेतलं आणि बसायला सांगितलं तरी बसली नाही.

"सर, परवाच्या केसमध्ये रक्तवाहिनीची गाठ शेवटी मी मारली. सरांना दोनदा जमली नाही."

"पाहिलं मी."

"पाहिलंत ना? मग सोमवारची केस त्यांनी करू नये. तुम्ही मित्र आहात, तुम्ही सांगा. नाहीतर मला वर जाऊन सांगावं लागेल. मला ते करायचं नाहीये, सर. मला सुई धरायला त्यांनी शिकवलंय."

तिचे डोळे भरले होते. अंगाईने मान डोलावली होती. शनिवारी खेळताना सांगतो म्हणाला होता. ऑपरेशनच्या टेबलाच्या डोक्याशी बसून तो स्वतः कित्येक महिने ते हात पाहत आला होता आणि मूग गिळून बसला होता, हे काही तिला सांगितलं नाही.

सोमवारची केस म्हणजे वकील. त्याच्या आतड्यात गाठ निघाली होती. मोठ्या मोठ्या नावांचे सर्जन सुचवून झाले, पण त्याने एकच धोशा लावला होता: माझ्या पोटाला हात लावेल तर टाकेच. आणि टाकेला त्या हट्टाचा केवढा अभिमान! बायको गेल्यापासून त्याच्या घरात घड्याळाखेरीज आवाज करणारं काही नव्हतं. रविवारी तो अंगाईला तीन-तीन वेळा फोन करी आणि म्हणे, काही नाही रे, सहज. सोमवार उजाडला की मगच त्याचा जीव भांड्यात पडे.

अर्ध्या वाटेवर पावसाने जोर धरला आणि ते पत्र्याच्या शेडखाली शिरले. वकील लगेच "आलोच" म्हणून झाडामागे गेला. हल्ली त्याला वारंवार जावं लागे. अंगाईला वाटलं, हीच वेळ. त्याने थर्मासचं झाकण काढलं, कॉफी ओतली, घसा खाकरला.

"टाके, मला जरा..."

"मी ठरवलंय कुठून शिरायचं ते," टाके म्हणाला. तो ओल्या बाकावर वाकून बोटाने रेघ काढत होता. "हे बघ. इथून. म्हणजे खालचा भाग मोकळा करायला त्रास नाही. काल रात्री दोन वाजेपर्यंत तेच वाचत होतो. परीक्षेला बसल्यासारखं वाटतंय लेका. गंमत आहे की नाही?"

बाकावरची रेघ सरळ नव्हती. टाकेनेही ती पाहिली. तळहाताने पुसून टाकली आणि हात खिशात घातला.

"तू काय म्हणत होतास?"

"कॉफीत साखर नाही, म्हणत होतो," अंगाई म्हणाला.

स्वतःची त्याला अशी चीड आली की त्याने कॉफी गवतात ओतून टाकली. माणसाला भूल देताना तो दहापासून उलटे आकडे मोजायला सांगायचा. सातापर्यंत कोणी टिकत नसे. पण जागेपणी एका माणसाला एक वाक्य सांगायचं, तर याचीच जीभ लुळी पडत होती.

पाऊस ओसरल्यावर ते पुढे निघाले. होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, ग्रीनवर, टाकेचा बॉल होलपासून चांगला काठीभर लांब थांबला. टाके हलक्या फटक्याचा क्लब, पटर, घेऊन पुढे झाला तोच वकील म्हणाला, "दिला."

दिला म्हणजे फटका न मारताच बॉल आत गेला असं धरायचं. बॉल अगदी तोंडाशी असला की समोरचा खेळाडू असं देऊन टाकतो. द्यायचा हक्क फक्त त्याचा. आणि या बाबतीत वकिलासारखा कंजूष माणूस मैदानावर दुसरा नव्हता. टाकेच्या साठीच्या वाढदिवशी बोटभर अंतरावरचा फटकासुद्धा त्याने खेळायला लावला होता. "प्रेम घरी. इथे नियम," असं वर ऐकवलं होतं.

टाकेने बॉल उचलून खिशात टाकला. मग अंगाईची पाळी आली. त्याचा बॉल होलपासून वीतभरही नव्हता. तो सवयीने वाकून उचलायला गेला.

"ए, ए," वकील ओरडला, "खेळ की! फुकटात काही मिळणार नाही."

अंगाई खेळला. बॉल आत गेला. पण सरळ होताना तो वकिलाकडे बघत राहिला. वकिलाचा हात हल्ली सैल झालाय हे त्याच्याही लक्षात आलं होतं. आजाराने माणूस मऊ होतो, असं त्याला वाटत होतं. पण ही दानत एकाच माणसापुरती होती. गेल्या हिवाळ्यापासून टाकेचा बॉल ग्रीनवर आला की वकील घाईघाईने "दिला" म्हणे, आधी हातभर लांबून, मग काठीभर लांबून, म्हणजे टाकेला पटर हातात धरून उभं राहावं लागू नये. आज सकाळी टीवर बॉलही त्यानेच बसवला होता.

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. गाठ निघायच्या आधीपासून माहीत होतं. आणि तरीही सोमवारी तो त्या टेबलावर आडवा होणार होता.

ते शेवटच्या होलपाशी आले. टाकेच्या बुटात पाणी शिरलं होतं, पावलागणिक पचपच आवाज येत होता. सामना बरोबरीत होता. तो बरोबरीत राहील याची काळजीही वकीलच घेत असावा. त्याचा स्वतःचा बॉल होलच्या अगदी तोंडाशी होता. टाकेचा मात्र चांगला खाटेएवढ्या अंतरावर. अंगाईने होलमधला झेंडा काढून हातात धरला. टाके बॉलमागे जाऊन वाकला, उतार पाहू लागला.

"दिला," वकील म्हणाला. "चल, थंडी वाजतेय."

"नाही," अंगाई म्हणाला. "खेळू दे त्याला."

वकिलाने गर्रकन वळून पाहिलं. "देणारा मी आहे. तू कोण मध्ये बोलणारा?"

"सोमवारी तुला झोपवणारा."

हे शब्द आपल्या तोंडून गेले यावर अंगाईचा विश्वास बसेना. टाके अजून वाकलेलाच होता. त्याने मान वर करून आधी अंगाईकडे पाहिलं, मग वकिलाकडे, मग पुन्हा अंगाईकडे, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. तो गुडघ्यावर हात देऊन उठला.

"खेळतो," तो म्हणाला.

त्याने पटर धरला. पटरचं टोक बॉलमागे थरथरत राहिलं. त्याने हात घट्ट आवळले तसं ते आणखीच थरथरलं. बॉल सुटला तो होलच्या बाजूने पुढे गेला. परतीचा फटका हातभराचा होता, तोही कडेवरून गेला. तिसऱ्याला बॉल आत पडला, आणि तो पडल्याचा पोकळ आवाज त्या सुनसान मैदानावर फार मोठा वाटला.

"पाऊस..." टाके म्हणाला आणि त्याने वर पाहिलं.

पाऊस केव्हाच थांबला होता.

"ग्रीन ओलं आहे ना," वकील घाईने म्हणाला. "ओल्यावर कोणाचाही बॉल..."

"पुरे रे." टाकेचा आवाज चढला नाही. "तुला केव्हापासून माहीत आहे?"

वकिलाने चष्मा काढला आणि ओल्या शर्टाने पुसू लागला. "हिवाळ्यापासून. तू माझ्याकडे चहा ओतत होतास तेव्हा."

"आणि तरी माझ्यासमोर पोट उघडं करून झोपणार होतास?"

"उभा जन्म कोर्टात हरकती घेतल्या," वकील म्हणाला. "ही एक काही घेता येईना. तुला कसं सांगायचं ते सुचतच नव्हतं बघ."

"म्हणून मरायचं?"

"प्रत्येक वेळी थोडंच काही होतं? म्हटलं, एखाद्या वेळी हात ऐकेलही."

टाके हातातल्या पटरकडे बघत राहिला, जणू तो दुसऱ्याच कोणाचा होता. मग त्याने अंगाईला विचारलं, "तुला कोणी सांगितलं होतं मला सांगायला? हाताखालच्या धाकटीने?"

अंगाईने मान डोलावली. "तिने सांगायच्या आधी मीच बोलायला हवं होतं."

"रडत होती?"

"हो."

"चांगली सर्जन आहे ती," टाके म्हणाला. "गाठ फार छान मारते." त्याने दोनदा तोंड उघडलं, मिटलं. तिसऱ्यांदा शब्द आले ते वकिलासाठी. "सोमवारी ती कापेल तुला. मी असेन तिथे. या अंगाईशेजारी, डोक्याशी. हात मागे बांधून."

ज्याला गप्प बसवायला न्यायाधीश थकले होते, तो वकील नुसती मान डोलावत राहिला. मग काहीतरी करायचं म्हणून तो आपल्या बॉलपाशी गेला. लहान मुलानेही डोळे झाकून मारावा असा फटका होता. मारला की सामना त्याचा. त्याने पटर बॉलमागे ठेवला आणि तसाच उभा राहिला.

"मार ना," टाके म्हणाला.

"मारतो."

पण त्याला मारता येईना. त्याच्या खांद्यांपासून खाली सगळं अंग हलायला लागलं होतं. पटर गवतावर टेकून त्याने त्याचा आधार घेतला.

"मला भीती वाटतेय रे," तो म्हणाला. "इतके दिवस तुझीच काळजी करत होतो. स्वतःची करायला फुरसतच झाली नव्हती."

टाके त्याच्याजवळ गेला. एक हात त्याने वकिलाच्या पाठीवर ठेवला, आणि तो हात हलतोय की नाही याकडे या वेळी कोणाचं लक्ष नव्हतं. पुन्हा भुरभुर सुरू झाली. अंगाईने झेंडा काखेत मारला, छत्री उघडली आणि त्या दोघांवर धरली. ती तिघांना पुरण्यासारखी नव्हती.

बॉल होलच्या तोंडाशी तसाच होता.

"दिला," अंगाई म्हणाला.

द्यायचा हक्क त्याला नव्हता. पण वकिलाने हरकत घेतली नाही.