संशयाचं माप

मी एक जुना टॅब आहे, मित्रांनो. माझी काच तडकली आहे, बॅटरी फुगली आहे आणि विद्यापीठातल्या एका कपाटात मी पडून असतो. कधीकाळी मात्र माझा मोठा मान होता.

मी नवा होतो तेव्हा प्रणिताताई मला मऊ फडक्यात गुंडाळून गावोगाव न्यायच्या. संशय, राग, तुसडेपणा असे माणसाला आणि घराला जाचणारे स्वभाव काळाबरोबर बदलतात की तसेच राहतात, हे त्या मोजत होत्या. दरवर्षी तीच माणसं, तेच प्रश्न. उत्तरं भरली की मी आकडा दाखवायचो.

शिरूर कासारला भारत नावाचा शेतकरी होता. ताईंनी त्याला विचारलं, "लोक पाठीमागं आपलं वाईट बोलतात, असं वाटतं का?"

"वाटत न्हाई, बोलतेतच," तो म्हणाला.

त्याचा संशयाचा आकडा लई वर गेला. पुढच्या वर्षीही तिथंच राहिला.

घरच्यांनाही विचारायची रीत होती. त्या दुसऱ्या वर्षी त्याची बायको छबुबाई भाकरी थापता थापता हळूच म्हणाली, "ताई, आताशा बाहेर जाताना मला कोंडून कुलूप लावून जातेत. किल्ली त्यांच्याच खिशात."

ताईंचा हात माझ्यावर थांबला. त्यांनी बाहेर येऊन या कामाचे प्रमुख असलेल्या मोठ्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, "आपण मधे पडलो तर मोजमाप बिघडेल. नोंद करा आणि निघा."

ताईंनी नोंद केली. आम्ही निघालो.

पुढच्या वर्षी दार त्यांच्या मुलीनं, संस्कृतीनं उघडलं. छबुबाई नव्हती.

"साप चावला तिला," भारत म्हणाला. "मी उमापूरला गेलतो. पोरगी शाळंत. शेजाऱ्यांनी कुलूप तोडलं, पर उशीर झालता."

तोच पुढं म्हणाला, "पर त्यांनी कुलूप कावून तोडलं, ते मला ठाऊक हाय. त्यांला माझ्या घरात शिरायचंच व्हतं."

मी आकडा दाखवला. तो जराही हलला नव्हता.

भारत पाणी आणायला आत गेला, तेव्हा ताईंनी संस्कृतीला विचारलं, "आता तुला कोंडतात?"

पोरीनं होकारार्थी मान हलवली.

या वेळी ताईंनी सरांना विचारलं नाही. आष्टीला राहणाऱ्या तिच्या मामाला, हनुमानला फोन केला आणि तो येईपर्यंत ओट्यावर बसून राहिल्या. भारत शिव्या देत होता. पोरगी दप्तर घेऊन मामाच्या गाडीवर बसली, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बगा, ही बी फितूर निघाली."

नियम मोडला म्हणून ताईंचं काम गेलं. सरांनी मात्र माझ्यातला आलेख सगळ्यांना दाखवला. स्वभाव किती स्थिर राहतो, हे त्यातून स्वच्छ दिसतं, म्हणून लोकांनी वाखाणणी केली. मग नवे टॅब आले आणि मला कपाटात टाकलं.

मित्रांनो, मला मोजता येतं, उठून जाता येत नाही. तुम्हाला पाय आहेत. कुणी हळू आवाजात घरातलं दुःख सांगितलं, तर ते नुसतं लिहून घेऊन परत फिरू नका.