मनगट सोडवायच्या तीन पद्धती

श्वेताने तिन्ही क्लासमध्ये एकच प्रश्न विचारायचं ठरवलं होतं. आपल्यापेक्षा बराच जड माणूस मनगट धरून उभा राहिला तर काय करायचं? उत्तर तोंडी नको होतं. क्लासमधल्या सगळ्यात दणकट विद्यार्थ्याने तिचा हात खरोखर धरायचा आणि शिक्षक सांगतील ते तिने करून बघायचं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिला हीच सवय लागली होती. बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

"आणि मी कोण? कंट्रोल सॅम्पल?" रुचिराने विचारलं. मुलुंडच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये दोघी एकाच शिफ्टला होत्या.

"तू सोबत."

"घरी काय सांगितलंयस?"

"वजन कमी करायचंय म्हणून."

"तुझं वजन? आणि विश्वास बसला त्यांचा?"

"बाबांचा बसला."

जड माणसाचं नाव देवेश. तो कांजूरमार्गला श्वेताच्याच इमारतीत राहायचा आणि गावही एकच. त्याचे वडील विद्याधर हे गावाच्या मुंबई मंडळाचे सेक्रेटरी. देवेशचं स्थळ विद्याधरकाकांनी स्वतः घरी येऊन सुचवलं होतं आणि श्वेताने नको म्हटलं होतं. तेव्हापासून स्टेशनकडून इमारतीकडे वळणाऱ्या रस्त्यावर, कंपाउंडच्या लांब भिंतीपाशी तो उभा असायचा. आधी नुसता सोबत चालायचा. मग बॅगेचा पट्टा धरायला लागला. एका संध्याकाळी त्याने मनगट धरलं आणि समोरून रिक्षाचा दिवा दिसेपर्यंत सोडलं नाही. चार बोटांचे वळ आधी निळे झाले, मग हिरवट, मग पिवळे. हिमोग्लोबिनचं विघटन ह्याच क्रमाने होतं हे तिला पाठ होतं, तरी ती रोज बाही वर करून बघायची.

पोलिसांत जायचं नाही, हे घरात ठरलेलं होतं. ट्रॉम्बेच्या संशोधन केंद्रात प्रशिक्षणार्थी म्हणून तिची निवड झाली होती. लेखी झाली होती, मुलाखत झाली होती, फक्त पोलीस व्हेरिफिकेशन राहिलं होतं. वडिलांचे वडील गिरणीत होते आणि वडील, सीताराम, हाउसिंग सोसायट्यांमधून वायरिंगची कामं करत. त्या घरातून ट्रॉम्बेला जाणारी ती पहिली असणार होती.

"तुझं नाव पोलीस ठाण्यातल्या कुठल्याच कागदावर नको," सीताराम म्हणाले.

"बाबा, तक्रार करणारी मी असेन."

"कागदाला काय कळतं, कोण करणारं आणि कोणावर केलेली? नाव म्हणजे नाव."

म्हणून प्रकरण मंडळाकडे गेलं. गावच्या माणसांची भांडणं मंडळातच मिटवायची, ही पद्धत आजोबांपासूनची. महिन्याच्या सभेत शाळेच्या वर्गात लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसली होती. 'दोन कुटुंबांतला गैरसमज' असा विषय विद्याधरकाकांनीच मांडला. देवेशने ग्रामदेवीच्या फोटोपुढे नारळ ठेवला आणि पुन्हा असं होणार नाही म्हणाला. लोकांनी मान डोलावली, चहा आला. पुढच्याच आठवड्यात तो भिंतीपाशी उभा होता.

"नारळाचे पैसे दे," तो हसत म्हणाला आणि त्याने पुन्हा तेच मनगट धरलं.

त्यानंतर श्वेताने क्लास शोधायला घेतले.

पहिला मुलुंडच्या बागेत, सकाळचा. ताय ची. माधुरीबाई शिकवायच्या. पांढरा पंजाबी ड्रेस, पायात कापडी बूट. निवृत्त मंडळी इतक्या सावकाश हात फिरवत होती की रुचिरा कुजबुजली, "ह्यांना कोणी धरलं तर सुटेपर्यंत संध्याकाळ होईल यार." श्वेताचं मनगट धरायला अनंतकाका नावाचे उंच गृहस्थ पुढे आले. त्यांनी नाडी बघतात तसं धरलं. "दुखत नाही ना?" त्यांनी विचारलं.

माधुरीबाई हसल्या नाहीत. त्यांनी श्वेताला बाजूला घेतलं. "ह्याने तुझा तोल सुधारेल, गुडघे टिकतील, झोप लागेल. आतून हा लढाईचाच प्रकार आहे, पण तिथपर्यंत पोचायला मला वीस वर्षं लागली. तुला कधी पाहिजे?"

"आत्ता."

"मग मी तुला खोटं सांगणार नाही. वळ कोणाचा आहे हा?"

श्वेताने बाही खाली ओढली.

दुसरा घाटकोपरला, एका शाळेच्या हॉलमध्ये. विंग चुन. हे तिला आवडलं, कारण त्यात भूमिती होती. समोरच्याची मधली रेषा आपण धरून ठेवायची, कोपर खाली, हात वळवायचा तो त्याच्या अंगठ्याच्या बाजूला, कारण पकडीत तीच जागा कच्ची. दंडाला बेटकुळ्या असलेल्या एका मुलाने तिचं मनगट धरलं. तिने कोपर वळवलं आणि हात सुटला. पुन्हा केलं, पुन्हा सुटला.

तिसऱ्या वेळी ती त्याला हळूच म्हणाली, "आता सोडू नकोस हं."

मुलाने शिक्षकांकडे पाहिलं. "सर, सोडू नको म्हणतायत."

"मग नको सोडू," सर म्हणाले.

हात सुटला नाही. सरांनी तिचा पवित्रा दुरुस्त केला, पुन्हा करायला लावलं, तरी सुटला नाही. चूक आपलीच असणार, हे तिला कळत होतं. पद्धत बरोबर होती आणि वर्षभराने जमलीही असती. पण मुलगा इतके दिवस सरांच्या इशाऱ्यावर हात सोडत होता, हे त्याच्याही लक्षात आलं नव्हतं. रस्त्यावर इशारा द्यायला सर नसणार.

तिसरा पुन्हा मुलुंडलाच, एका टाइल्सच्या दुकानाच्या वर. सान्दा. ठोसे, लाथा आणि समोरच्याला धरून पाडणं.

"नाव ऐकून फुटपाथवर सांड्याचं तेल विकतात ते आठवतं," रुचिरा म्हणाली.

"सगळ्यांना तेच आठवतं," शिकवणारे नंदू सर म्हणाले. चाळिशीचा बुटका माणूस, नाक कधीतरी मोडून वाकडं बसलेलं. त्यांनी निहार नावाच्या मुलाला बोलावलं. तो देवेशपेक्षाही रुंद होता. त्याने धरलं आणि खरंच धरलं. तिने अंगठ्याकडे वळवून पाहिलं, मग झटका दिला. काही झालं नाही.

"हात कशाला सोडवतेस?" नंदू सर म्हणाले. "त्याचा एक हात तुझ्यात गुंतलाय. तुझे दोन्ही पाय मोकळे आहेत. ओढतोय ना तो? मग जा त्याच्याकडे. पाय त्याच्या पायामागे आणि खांदा छातीत."

ती गेली. निहार गादीवर आपटला तेव्हा खालच्या दुकानातून कोणीतरी काठीने छत ठोकलं.

"आणि मग?" तिने विचारलं.

"मग पळ. थांबून बघायचं नाही."

तिने सान्दा निवडलं. आई, जानकी, कणीक मळत होती. वजनाची गोष्ट तिने एकदाही मानली नव्हती. "मारामारी शिकान काय करतलंस गो?" तिने विचारलं. मग हात धुवून श्वेताच्या पोटऱ्यांना तेल लावून दिलं.

दोन-तीन महिन्यांत श्वेताला स्वतःचं शरीर वेगळं वाटायला लागलं. जिना चढताना धाप लागेना. नंदू सरांनी क्लासच्या ऑनलाइन पानावर तिचा एक फोटो टाकला. हातात ग्लोव्हज, तोंडात गार्ड आणि निहार हवेत, अर्धा पडलेला. खाली लिहिलं होतं, 'आमची वाघीण'. तिने तो आवडल्याची खूण केली. ती भिंत मात्र रोज तशीच पार करावी लागायची. देवेश कधी असायचा, कधी नसायचा. नसायचा तेव्हाही ती त्याला शोधत चालायची.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी तो होता. डंपिंग ग्राउंडचा वास हवेत बसला होता आणि रस्त्यावर दोन-चार माणसं होती.

"ट्रॉम्बेला जाणार म्हणे," तो म्हणाला. "मग आमच्याशी बोलणार का?"

"बाजूला हो, देवेश."

"वाघीण." त्याने मनगट धरलं आणि ओढलं.

ती ओढ जाईल तिकडे गेली. पाय मागे, खांदा छातीत. जसं शिकवलं होतं अगदी तसं झालं, फक्त खाली गादी नव्हती. गटाराच्या सिमेंटच्या कडेवर त्याचा हात अंगाखाली सापडला आणि फांदी मोडल्यासारखा आवाज आला.

ती पळाली नाही. हात कोपराखाली वेडावाकडा झालेला तिला दिसला. तिने गुडघ्यावर बसून ओढणी काढली, आधार बांधला, "हलवू नकोस, हलवू नकोस" म्हणत राहिली. लोक धावत आले तेव्हा त्यांना दिसलं ते एवढंच: देवेश खाली पडून ओरडतोय आणि ती त्याच्यावर वाकलेली.

पोलीस ठाण्यात विद्याधरकाका आधीच बसले होते. महिला उपनिरीक्षकांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या वाईट नव्हत्या.

"ह्याने आधी त्रास दिला होता?"

"हो. वर्ष होत आलं."

"तक्रार?"

"मंडळात केली होती."

"इथे?"

"इथे नाही."

त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यावर निहार हवेत होता. "हे त्यांनी आणून दाखवलंय. ट्रेनिंग घेतलंस तू. त्यांचं म्हणणं आहे की तयारीने आलीस."

"व्यायामासाठी घेतलं," श्वेता म्हणाली आणि आपण घरी सांगितलं तेच इथे सांगतोय, हे बोलल्यावर तिच्या लक्षात आलं.

"बागेत चालायला गेली असतीस तर सोपं होतं गं," उपनिरीक्षक म्हणाल्या. "हे बघ. हाड मोडलंय. हॉस्पिटलचा रिपोर्ट उद्या येईल, तो आला की गंभीर दुखापतीचा गुन्हा दाखल करावा लागेल. तुझीही तक्रार घेते मी. आत्ता घेते. दोन्ही केसेस चालतील. तुझी खरी असेल, मला तसं वाटतंही. पण चालतील किती दिवस, ते मी सांगू शकत नाही."

"आणि ट्रॉम्बेचं?"

"प्रलंबित गुन्हा असा शेरा जाईल. पुढचं ते ठरवतील."

सीताराम दाराशी उभे होते. त्यांनी आत पाऊल टाकलं नव्हतं. आपण उंबऱ्याबाहेर राहिलो तर आपलं नाव तरी कागदावर येणार नाही, असा त्यांचा हिशोब असावा.

श्वेताने तक्रार दिली नाही. "उद्या सकाळी येते," ती म्हणाली. उपनिरीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं. उद्या ती येणार नाही हे त्यांना कळलं होतं.

सकाळी मंडळ बसलं, त्याच वर्गात. विद्याधरकाकांनी आवाज न चढवता तोडगा सांगितला. देवेश पाय घसरून पडला, असं त्यांच्या घरचे पोलिसांना सांगतील. श्वेता आजपासून तो क्लास सोडेल आणि देवेशच्या आईच्या पाया पडेल.

"आणि देवेश?" श्वेताने विचारलं.

"देवेशचं काय? त्याचा हात मोडलाय."

"तो तिथे उभा राहणार नाही, असं कोण सांगणार?"

बाकांवर हालचाल झाली. सीताराम खालच्या आवाजात म्हणाले, "श्वेता. पुरे आता."

ती पाया पडली. सोनूबाईंनी, देवेशच्या आईने, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लगेच काढून घेतला. गुन्हा दाखल झाला नाही. नंदू सरांना तिने मेसेज केला की शिफ्ट बदलली. भिंतीपाशी काय झालं ते त्यांच्या कानावर गेलं असावं. त्यांनी एवढंच विचारलं, "पळालीस ना?"

व्हेरिफिकेशनचा हवालदार जानेवारीत आला. साधा, थकलेला माणूस. त्याने घर पाहिलं, रेशनकार्ड पाहिलं, नाव-गाव विचारलं. मग म्हणाला, "ह्याच भागातली दोन प्रतिष्ठित माणसं लागतील. मुलीला ओळखणारी. जबाब आणि सही."

एक डॉक्टर मिळाले, तळमजल्यावर दवाखाना असलेले. दुसऱ्यासाठी सीतारामांनी चप्पल घातली आणि ते वरच्या मजल्यावर, विद्याधरकाकांकडे निघाले.

"बाबा, दुसरं कोणीही चालेल," श्वेता जिन्यापर्यंत मागे गेली.

"दुसऱ्या कोणाला सांगितलं तर त्यांना कळेलच ना. आपल्याला टाळलं म्हणतील. मग चौकशीला आलेल्या माणसाला वाटेत गाठून काय सांगतील?"

विद्याधरकाका इस्त्रीचा शर्ट घालून आले. देवेश मागोमाग आला, प्लास्टर गळ्यातल्या झोळीत, आणि दाराबाहेर कठड्याला टेकून राहिला. आत हवालदाराने विचारलं, "किती वर्षं ओळखता?"

"जन्मापासून. आमच्या गावची मुलगी."

"वागणूक?"

"शांत," विद्याधरकाका म्हणाले. "एकदम शांत मुलगी. मोठ्यांचं ऐकणारी."

हवालदार लिहीत होता. पाहुण्यांना चहा पाहिजे म्हणून आईने श्वेताला दूध आणायला पाठवलं. ती दारातून बाहेर पडत असताना देवेशने डावा हात दाराच्या चौकटीवर आडवा टेकवला. तिला स्पर्श न करता, फक्त वाट अडेल एवढा.

"ट्रॉम्बेला कुठल्या बसने जाणार तू?" त्याने विचारलं. आवाज हलका होता, शेजारी विचारतात तसा. "मानखुर्दला उतरून की इथूनच डायरेक्ट?"

तो ज्या अंतरावर उभा होता तिथून तिचा पाय त्याच्या पायामागे सहज पोचला असता. त्याचा भार कठड्यावर होता, एक हात निकामी होता, मागे जिना होता. हे सगळं तिने न ठरवताच पाहिलं होतं. शरीर आधीच थोडं वळलं होतं.

आत हवालदार म्हणाला, "इथे सही करा, साहेब. पूर्ण नाव."

विद्याधरकाकांनी खिशात पेन चाचपलं.

श्वेताने पुढे सरकलेला पाय मागे घेतला.

"डायरेक्ट," ती म्हणाली.