हापशावरची रांग

तेव्हा गुडगाव अजून पुरतं उभं राहिलं नव्हतं. मोहरीच्या शेतांमधून अचानक एखादा अर्धा बांधलेला काचेचा टॉवर वर यायचा आणि त्याच्यामागे, रस्त्यावरून दिसू नयेत अशा बेताने, तो बांधणाऱ्यांच्या पत्र्याच्या झोपड्या असायच्या. आज मेट्रोने त्या बाजूला जाताना श्रावस्ती मेश्रामला ती जागा ओळखता येत नाही. पण त्या दिवसांचा विषय निघाला की तिचा चेहरा अजून खुलतो.

समाजकार्य शिकून ती मीनाक्षीताई आगाश्यांच्या संस्थेत लागली होती. संस्था म्हणजे एका बंगल्याचं गॅरेज आणि एक खडखडती जीप. मजुरांच्या वस्त्यांना प्यायचं पाणी आणि संडास मिळवून द्यायचे, हे पुण्याहून आलेल्या मीनाक्षीताईंचं एकमेव वेड. बरोबरीच्या मैत्रिणी नव्या कंपन्यांच्या एसी ऑफिसात चिकटत होत्या. श्रावस्ती मात्र दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून डबा घेऊन निघायची आणि संध्याकाळी सिमेंटने पांढरी होऊन परतायची. सरकारी खात्यात सेक्शन ऑफिसर असलेले तिचे बाबा, बबन मेश्राम, दार उघडताना हसून म्हणायचे, "आली आमची ठेकेदारीण!"

टॉवरमागच्या वस्तीत हापसा बसला, तेव्हा आधी गढूळ आणि मग एकदम नितळ पाणी आलं. बायांनी एकमेकींना भिजवून काढलं. त्या गोंधळात एक ठेंगणी बाई तोंडावर पाणी मारत पुटपुटली, "कसं गार हाय, माय!"

"तुम्ही मराठी?" श्रावस्ती ओरडलीच.

ती चंदा. हिंगोलीकडची. टेलिफोनच्या केबलसाठी खोदकाम करणाऱ्या टोळीबरोबर ती आणि तिचा नवरा मारुती इथवर आले होते. पायावर लोखंड पडल्यापासून मारुतीला खोदकाम झेपत नव्हतं. त्यामुळे संडास बांधून झाल्यावर ते साफ ठेवण्याचं काम श्रावस्तीने त्या दोघांना दिलं. चला, दोन्ही अडचणी सुटल्या, असं तिला वाटलं.

काही आठवड्यांनी ती वस्तीत गेली, तर चंदा हापशापासून लांब, हंडा पुढ्यात घेऊन बसलेली. बुंदेलखंडची रामरती आपल्या बादलीतलं पाणी वरून, हंड्याला न शिवता, त्यात ओतत होती.

"ये क्या है?" श्रावस्तीने विचारलं.

"दीदी, ये लोग अब गंदा काम करते हैं न," रामरती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. "नल को हाथ नहीं लगाते."

"ऱ्हाऊ द्या, ताई," चंदा खाली बघत म्हणाली. "पाणी भेटतंय ना."

त्या संध्याकाळी श्रावस्तीने हे घरी सांगितलं, तसा बाबांचा घास हातातच राहिला. भंडाऱ्याकडच्या आपल्या लहानपणाबद्दल ते कधी बोलत नसत.

"विहिरीजवळ माझी आई अशीच बसायची," ते म्हणाले. "कुणाला दया आली तर वरून ओतायचे. मडकं भरायचं कमी, आम्ही भिजायचो जास्त." मग ताट सारून म्हणाले, "रविवारी मी येतो."

ते आले ते इस्त्रीच्या सफारीत. संडासापाशी पँट दुमडली आणि मारुतीचा खराटा मागितला.

"साहेब, नका हो!"

"साहेब ऑफिसात. दे इकडे."

भर उन्हात, सगळी वस्ती बघत असताना, त्यांनी सगळे संडास धुऊन काढले. मग साबणाने हात धुतले आणि हापशाच्या रांगेत रामरतीच्या मागे उभे राहिले.

"बाबूजी, आप पहले," ती बाजूला झाली.

"नहीं, नंबर से." नंबर आल्यावर त्यांनी दांड्यावर हात न ठेवताच विचारलं, "मैंने अभी लैट्रिन साफ की है. छू लूँ?"

"आप तो अफसर हैं, बाबूजी."

"और चंदा?"

रामरतीने बादली उचलली आणि ती निघून गेली.

परतताना बसमध्ये श्रावस्ती हरखली होती; संडास धुतलेल्या बाबांना हापशावर कुणी अडवलं नव्हतं. बाबा मात्र म्हणाले, "लोक माझ्या सफारीला भ्याले गं. चंदासाठी काय बदललं?"

रात्रभर तिच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. सकाळी ती मीनाक्षीताईंपुढे उभी राहिली. "ताई, काम फक्त चंदा-मारुतीचं म्हणून विटाळही त्यांचाच. साफसफाई सगळ्या घरांनी पाळीपाळीने करायची. आणि मारुतीला हापसे दुरुस्त करायला शिकवू या."

"लोक संडास वापरणंच सोडतील. एवढी मेहनत वाया जाईल."

"जाऊ दे, ताई."

मीनाक्षीताई जीपची किल्ली उचलून म्हणाल्या, "चल, सांगून येऊ."

झालं त्यांच्या भीतीप्रमाणेच. संडास घाण झाले आणि लोक पुन्हा शेतात जायला लागले. श्रावस्तीची झोप उडाली. पण त्या शेताभोवतीही लवकरच एका बिल्डरची भिंत उभी राहिली. मुली अंधाराची वाट बघत दिवसभर ताटकळायला लागल्या, आणि रामरतीची पोर वयात आलेली होती. एके सकाळी रामरती तोंडाला पदर गुंडाळून, बादली घेऊन संडासाकडे निघाली. चंदा खराटा घेऊन तिच्यासोबत गेली. दुपारी चंदाने आपला हंडा थेट हापशाखाली ठेवला. दांड्यापाशी रामरती होती. ती जराशी थबकली, मग हापसायला लागली.

सगळी घरं काही वळली नाहीत. दोन-तीन कुटुंबं शेवटपर्यंत हापसा टाळून टँकरचं पाणी भरत राहिली. टॉवर पुरा झाला तशी वस्ती उठली आणि हापसा कुठल्याशा पार्किंगखाली गेला.

पण तोवर बाबा दर रविवारी तिच्याबरोबर जात राहिले. बसस्टॉपवर पेरू घ्यायचा, तिखटमीठ लावून वाटेत खायचा. दुपारी चंदा भाकरी आणि ठेचा आणायची आणि बाबा सिमेंटच्या गोणीवर बसून तिच्याशी आणि मारुतीशी गावाकडच्या गोष्टी करायचे. दिल्लीत आल्यापासून त्यांनी टाकून दिलेली ती भंडाऱ्याची बोली श्रावस्तीने तिथेच पहिल्यांदा ऐकली. तिला अर्धे शब्द कळायचे नाहीत. "म्हणजे काय, बाबा?" ती विचारायची. तिघंही तिच्याकडे बघून खो खो हसायची, आणि बाबा डोळे पुसत म्हणायचे, "थांब, सांगतो."