टेबलक्लॉथच्या चौथ्या कोपऱ्यातला नट

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी नट आहे, पण बोल्टशी माझी कधी गाठच पडली नाही. कारखान्यात माझ्या आतले आटे वाकडे पडले, म्हणून मला भंगाराच्या पेटीत टाकलं होतं. तिथून एका फिटरने साहेबांना विचारून मला आणि माझ्या तीन भावंडांना घरी नेलं. त्याच्या घरामागच्या अंगणात जेवायचं टेबल होतं, आणि तिथला वारा असा दांडगा, की टेबलक्लॉथ उडून रोज कुणाच्या तरी तोंडावर यायचा. फिटरच्या बायकोने जाड दोऱ्याने आम्हा चौघांना चार कोपऱ्यांना टांगलं. त्यानंतर वाऱ्याची काय बिशाद!

"यांच्यामुळे एक बशी फुटली नाही हो," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि मी लोखंडाचा असूनही फुगायचो.

पुढे फिटर गेला. मुलाचं लग्न झालं, सून आली, नात आली, आणि फिटरच्या बायकोची आजी झाली. इकडे माझा दोरा उन्हावाऱ्याने झिजत चालला. सून म्हणायची, "आई, द्या ना, मी घालते दोन टाके."

"माझ्या हातचं काम आहे ते. उद्या घालीन मीच."

तो उद्या काही उजाडेना. शेवटी माझा सगळा भार एकाच धाग्यावर आला. म्हातारी आळशी झाली, असं मी मनात म्हणायचो. मला तिचा खूप राग यायचा.

मग तो रविवार आला. सकाळपासून वारा पिसाटला होता. उकळत्या चहाची किटली नेमकी माझ्या कोपऱ्यापाशी ठेवलेली. सून बश्या आणायला आत गेली होती आणि आजी टेबलापाशी खुर्चीत बसली होती. वारा कापडाखाली शिरला, की मी वर उडायचो आणि टेबलाच्या पायावर आपटायचो. टक्! प्रत्येक वेळी धागा आणखी उसवायचा. एवढा चहा होईपर्यंत तग धर, असं मी त्याला विनवत होतो. मी सुटलो, तर कोपरा उलटून किटली कलंडणार होती.

तेवढ्यात दहा महिन्यांची नात टेबलाखालून रांगत आली. लोंबकळणारा, टक् टक् वाजणारा मी तिला दिसलो. तिने मला मुठीत धरलं आणि ओढलं.

कापड सरकलं. त्याच्याबरोबर किटलीही दोन बोटं पुढे आली. नात बरोबर तिच्याखाली बसलेली! तिने पुन्हा ओढलं, आणि किटलीचं बूड टेबलाच्या कडेबाहेर आलं.

आजी हातभर अंतरावर होती. "कुठे गेली गं माझी छकुली?" असं म्हणत ती पायरीकडे बघत होती.

आयुष्यभर घट्ट धरून ठेवणं, एवढंच मला ठाऊक. पण त्या क्षणी मी जीव तोडून धाग्याला म्हणालो, "तूट रे बाबा! आत्ताच्या आत्ता तूट!"

तिसऱ्या हिसक्याला तो तुटला. नात मला घेऊन मागच्या मागे बदकन बसली. मोकळा कोपरा वाऱ्याने उसळला आणि किटली डुगडुगली. दारातून सून हातातल्या बश्या टाकून धावली. तिने किटली वरच्यावर पकडली. तिच्या मनगटावर चहा सांडला. बश्यांचा चुरा झाला.

"आई, तुमच्या डोळ्यांसमोर होती ना ती!" ती ओरडली.

आजीने चाचपडत नातीला जवळ ओढलं. मग म्हणाली, "मला नीट दिसत नाही गं. वर्ष होत आलं, सुईत दोरा ओवता येत नाही. म्हटलं, तुम्हाला कळलं, तर पोरीला माझ्याजवळ ठेवणार नाही तुम्ही."

सूनबाईचा राग कुठल्या कुठे गेला. ती आजीच्या पायाशी बसली. "आधी डोळे दाखवू," ती म्हणाली. "आणि पोर तुमच्याजवळच राहील. आपण दोघी लक्ष ठेवू."

त्याच दुपारी सुनेने सुईत दोरा ओवून दिला आणि आजीने चाचपडत टाके घातले. आता आम्ही चौघे कापडाच्या दुमडीत आत शिवलेले आहोत. कुणाच्या हाताला लागत नाही.

मित्रांनो, लहानग्यांच्या हाताशी काही लोंबकळत ठेवू नका. आणि घरातलं कुणी एखादं सोपं काम रोज उद्यावर टाकत असेल, तर माझ्यासारखे मनातल्या मनात चिडू नका. जवळ जाऊन हळूच विचारा, "दिसतंय ना नीट?" मी लोखंडाचा, मला विचारता आलं नाही. तुम्हाला येतं.