पुठ्ठ्यामागचा पंखा

मी विरारमधल्या एका फ्लॅटच्या स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा बोलतोय. ओट्याच्या वर, छताजवळ बसवलेला, तेलाने चिकट झालेला. एरवी मी गप्प असतो. पण शेल्फवरच्या त्या पांढऱ्या यंत्राचं कौतुक मला बघवत नाही, म्हणून तोंड उघडलं.

एकेकाळी माझाही थाट होता. या घरातली शांताआजी समुद्रकाठच्या कळंबची. भावाने पाठवलेले सुके बोंबील ती गॅसवर भाजायची आणि मी घरघरत सगळा धूर बाहेर फेकायचो. माझं बटण दाबायला तिची नात ओवी तिच्या कडेवर चढायची.

मग श्रावण आला. माझं तोंड समोरच्या विनयाताईंच्या खिडकीकडे, आणि त्या श्रावण कडक पाळतात. इकडे ओवीला बोंबलाशिवाय भात उतरत नाही. आजीने माझ्यावर पुठ्ठा बसवला. "त्यांचा श्रावन हाय, वास जायला नको," म्हणाली. श्रावण सरला, गणपती आले, नवरात्र आलं. पुठ्ठा तसाच राहिला.

दिवाळीनंतर ओवीला खोकला लागला. औषधं झाली, पण हटेना. तेव्हा तिच्या बाबांनी, जितेंद्रने, घरातली हवा तपासायचं ते यंत्र मागवलं. साबणाच्या वडीएवढं. काम काय, तर हवेतल्या धूळ-धुराचा नुसता आकडा दाखवायचा. तरी जितेंद्र त्याला रोज मऊ फडक्याने पुसायचा. मला कधी ओलं पोतेरंही लागलं नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

आकडा लाल आला. "समोरच्या बांधकामाची धूळ," म्हणत जितेंद्रने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. आकडा आणखी चढला. पोरगी खोकून बेजार, आणि मी पुठ्ठ्याआड कोंडलेला. जो तो त्या दीडशहाण्यालाच विचारत होता. मला कोण विचारतो?

एका रविवारी ओवी ते यंत्र हातात घेऊन आजीजवळ आली. बोंबील भाजणं चालू होतं. आकडा सरसर वर गेला.

"बाबा, हा बोंबलांना घाबरतो," ओवी खोकत म्हणाली. जितेंद्र आला. धूर वर जाऊन पुठ्ठ्याला थडकताना त्याने पाहिला आणि पुठ्ठा काढायला सांगितलं.

समोर वास जाईल म्हणून आजी राजी होईना. शेवटी तीच विनयाताईंना विचारायला गेली. त्या हसल्या. "अहो काकू, मी फक्त श्रावण पाळते. त्या वासावरूनच तर कळायचं, वाटी घेऊन कधी यायचं ते."

पुठ्ठा निघाला. मी कुरकुरत फिरलो. आकडा उतरला, आणि हळूहळू ओवीचा खोकलाही. जितेंद्रने फोटो काढला, तोही त्या यंत्राचाच. "याने पोरीला वाचवलं," असं तो सगळ्यांना सांगतो. धूर ओढायचा मी आणि हार त्याच्या गळ्यात.

आता ते कौतुकाने शेजारीपाजारी फिरून येतं. मी इथेच, भिंतीला खिळलेला. मत्सर गेला म्हणालो तर खोटं ठरेल. पण काल आजीने बोंबील काढले, तसं ओवीने यंत्राकडे न बघताच स्टूल ओढलं आणि माझं बटण दाबलं.

तुम्हीही आकडा खुशाल त्याचा बघा. बटण तेवढं माझं दाबा.